कंपनीत मी ख्रिस्ती आहे ते फक्त खंडेनवमीला कळतं

शिरोली_सेकंड_शिफ्ट

सर्वांना सलाम. जरा मोठं लिहितोय, थोडक्यात सांगितलं तर कळणार नाही.

वय २९. राहायला कसबा बावड्यात, कामाला शिरोली एमआयडीसीत, एका मशीनशॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव नग येतो, आमच्याकडं त्याचं फेसिंग (तोंड सपाट करणं) आणि बोअर (आतलं गोल भोक) होतो, आणि माझी सही झाली की माल गाडीत चढतो. जन्मापासून ख्रिस्ती. आजोबा चर्चची घंटा वाजवायचे, आई महिला मंडळात आहे, मी स्वतः संडेस्कूल, तरुण संघ सगळं केलंय. सकाळी चहाच्या आधी एक अध्याय वाचतो आणि प्रार्थना करतो. पंधरा मिनिटं. सात-आठ वर्षं झाली, फारसा खंड नाही.

मला गाता येत नाही. चारचौघांत प्रार्थना करायला सांगितली की जीभ जड होते. साक्ष द्यायला उभा राहिलो तर दोन वाक्यांत संपतं. चर्चमध्ये पाळकसाहेब कृपादानांवर, म्हणजे देवानं ज्याला-त्याला दिलेल्या देणग्यांवर बोलतात तेव्हा मी मान खाली घालून बसतो. मला येतं काय, तर मोजायला.

कंपनीत मी ख्रिस्ती आहे हे वर्षातून एकदा उठून दिसतं, ते खंडेनवमीला. आदल्या दिवसापासून मशीन धुऊन-पुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे. मी पूजेत उभा राहत नाही. गेल्या वर्षी गेटजवळ वॉचमनच्या खोलीपाशी अर्धा तास थांबलो. कुणी काही म्हणालं नाही, मंडळी चांगली आहेत. दुसऱ्या दिवशी आपट्याचं सोनं द्यायला तेच माझ्याकडं आले, मीही दिलं. पण त्या अर्ध्या तासात मनात आलं, की मी काय करत नाही हे इथल्या चाळीस जणांना पक्कं ठाऊक आहे. ख्रिस्ती म्हणून मी काय करतो, हे विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही. मलाही येणार नाही.

आता जे सांगायचंय ते सांगतो. जूनमधली गोष्ट. ४० मिमीचा बोअर, सूट वर २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), खाली शून्य. म्हणजे ४०.००० ते ४०.०२५ मध्ये बसला तर पास. २४० नगांचा लॉट. प्लग गेज म्हणजे भोकात घालून बघायचा दोन टोकांचा दांडा. त्याचं 'गो' टोक आत गेलं पाहिजे आणि 'नो गो' टोक तोंडाशी अडलं पाहिजे. एका नगाला 'नो गो' सरळ आत उतरलं. हाताला ते लगेच कळतं, अडायच्या जागी काही अडतच नाही. बोअर गेज लावला, ४०.०३१. मग सगळा लॉट पाहिला, असे अकरा नग निघाले. बोअर लहान असला तर पुन्हा मशीनवर लावून वाढवता येतो. मोठा झाला की नग भंगारात.

रात्रीचे सव्वाअकरा. गाडी बाराला सुटायची होती. सुपरवायझर म्हणाले, "अरे गरम आहे नग, आत्ताच उतरलाय. थंड झाला की बसतोय." गरम नगाचा बोअर मोठा दाखवतो हे खरं आहे. दहा डिग्रीचा फरक असला तर चाळीसच्या बोअरला चार-साडेचार मायक्रॉन सहज पडतात. पण ते नग पहिल्या शिफ्टचे होते. दुपारपासून ट्रेमध्ये पडलेले. माझ्या हाताला गार लागत होते. हातात गार नग धरून मी "हो, गरमच असेल" म्हणालो आणि रिपोर्टवर ओके लिहून सही केली.

कुठून काही तक्रार आली नाही. त्याचंच जास्त वाटतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, अध्याय वाचला, प्रार्थना केली, सगळं नेहमीसारखं. काहीच अडलं नाही, याची भीती बसलीय. 'नो गो' टोक सरळ आत गेल्यासारखं.

बोलण्यात किंवा कृतीत जे काही कराल ते प्रभू येशूच्या नावाने करा, असं पौल कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगतो. मग माझी ती सही कुणाच्या नावाने होती? देवाचा मान राखायचा म्हणजे माझ्यासारख्या माणसानं रोज नेमकं करायचं काय? उपदेश करायचा नाहीये मला, तो जमणारही नाही. सवय कुठली लावू, ते सांगा. आणि खंडेनवमी पंधरा दिवसांवर आलीय, त्याबद्दलही कुणी अनुभवाचं बोललं तर बरं होईल.

राजारामपुरीकर

भावा, मनापासून लिहिलंयस. माझं मत सांगतो. सकाळची पंधरा मिनिटं पुरत नाहीत. दानीएल दिवसातून तीनदा खिडकी उघडून गुडघे टेकायचा, तेही राजाची मनाई असताना. मी मोबाइलवर दुपारी एकचा आणि संध्याकाळी सहाचा गजर लावलाय. वाजला की हातातलं काम थांबवून दोन मिनिटं डोळे मिटतो. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी. सुरुवातीला अवघड वाटलं, आता गिऱ्हाईकच थांबतं. करून बघ. सकाळचा देव संध्याकाळपर्यंत आपल्याला विसरत नाही, आपण त्याला विसरतो.

निवृत्त_सिस्टर

तुला 'तू' म्हणते, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस.

गजराचं वाईट नाही, लाव. पण दानीएलाच्या त्याच सहाव्या अध्यायात खिडकी दहाव्या वचनात येते. त्याआधी चौथं वचन वाच. त्याच्या वैऱ्यांनी राज्यकारभारात त्याची चूक शोधली, कागदपत्रं चाळली असतील, हिशेब तपासले असतील, आणि त्यांना काही सापडलं नाही. तो विश्वासू होता, असं लिहिलंय. खिडकीतल्या दानीएलावर मी आयुष्यात वीस उपदेश ऐकले असतील. त्याच्या हिशेबाच्या वह्यांवर एकही ऐकला नाही.

मी एका मिशन दवाखान्यात एकतीस वर्षं काम केलं, त्यातली बावीस ऑपरेशन थिएटरमध्ये. तू बोअर मोजतोस, मी मॉप, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्त टिपायच्या कापडी घड्या, मोजायचे. पोट उघडायच्या आधी मोजायचे, पोट शिवायला घ्यायच्या आधी मोजायचे, आणि कातडीला टाका घालायच्या आधी पुन्हा. पाच-पाचची चळत. तोंडाने मोठ्यांदा म्हणायचं, समोरच्या सिस्टरने डोळ्यांनी पाहायचं. रक्ताने भिजलेला मॉप हाताएवढा लहान होतो आणि आतल्या रंगात मिसळून जातो, दिसत नाही. म्हणून मोजायचं.

नवीन होते तेव्हाची गोष्ट. रात्रीची इमर्जन्सी, अडीच वाजलेले, सगळे थकलेले. शिवायच्या आधी मोजलं, एक कमी. पुन्हा मोजलं, एक कमी. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमचं मोजायचं चुकलंय, मी हात फिरवून पाहिलंय, आत काही नाही." मी पंचवीस वर्षांची. तोंडातून शब्द फुटेना. पण मी म्हटलं, "डॉक्टर, काउंट जुळत नाही." एवढंच. वीस मिनिटं सगळं थांबलं. शेवटी मॉप सापडला तो मळक्या चादरींच्या बादलीत, तळाला. पोटात काही नव्हतंच. डॉक्टरांचं बरोबर होतं. ते काही न बोलता शिवायला लागले आणि मी नंतर लिननच्या खोलीत जाऊन रडले, की उगाच एवढा खोळंबा केला. आमच्या थोरल्या सिस्टर आल्या. त्यांनी माझ्या हातात चहा दिला आणि म्हणाल्या, "तू मोजलंस ते बरोबर. कुठं सापडला ते विचारू नकोस." त्यांचं हे बोलणं तुझ्यासाठी मुद्दाम लिहितेय. तुझ्या अकरा नगांची तक्रार आली नाही म्हणून तुला टोचतंय ना? तक्रार येवो न येवो, सही चुकीचीच होती. हे तुला टोचतंय ते चांगलं आहे बाळा. ते बंद पडू देऊ नकोस.

आता सवयीचं. त्याच थोरल्या सिस्टरांनी मला हात धुवायला शिकवलं. तेव्हा ब्रश घेऊन पाच मिनिटं घासायचे. आधी नखं, मग एकेक बोट चारी बाजूंनी, तळवा, मागची बाजू, मनगट, कोपरापर्यंत. घड्याळाकडं बघत बसलं की माणूस घाई करतो. त्या म्हणाल्या, प्रभूची प्रार्थना सावकाश म्हण, एका हाताला एकदा, दुसऱ्या हाताला एकदा, मग पुन्हा पहिल्यापासून. आधी मी ती वेळ मोजायलाच म्हणायचे. खरं सांगते, पहिलं वर्षभर ते नुसतं घड्याळ होतं. मग एकदा एका बाळंतिणीला टेबलावर घेतलं होतं, माझ्याच गावची. 'आमची रोजची भाकर' म्हणताना मला तिची घरी ठेवलेली दोन पोरं आठवली, आणि त्या दिवसापासून टेबलावर जो कोणी असेल त्याचं नाव त्या ओळीत येऊ लागलं. पेशंट हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत, कुणीही असो. बावीस वर्षांत किती नावं घेतली असतील देव जाणे. मोठ्याने एकदाही नाही. गाता मलाही येत नाही.

तुला वेगळी वेळ काढायला नको. जे काम तू रोज हाताने करतोसच, त्यातल्या एका कामाला प्रार्थना बांध. गेज वापरायच्या आधी पुसत असशील ना? तिथं बांध. आपण दमलेलो असलो तरी हात सवयीने चालतात, आणि प्रार्थना त्यांच्या मागोमाग येते. रात्री सव्वाअकराला तुझ्याकडं मन नव्हतं, हात होते.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. आमच्या ड्यूटीरूममध्ये आम्ही चार ख्रिस्ती सिस्टर सकाळी शास्त्रपाठ करायचो. त्याच खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर आयांचे कप वेगळे ठेवलेले असायचे. कानतुटके, दोन ॲल्युमिनियमचे. कुणी ठरवलं होतं माहीत नाही, आधीपासून तसंच होतं. तीन वर्षं मी त्या खोलीत डोळे मिटून प्रार्थना केली आणि डोळे उघडल्यावर समोर ते कप होते. मला दिसले नाहीत. आपण ख्रिस्तात एक आहोत हे मी त्याच खोलीत मोठ्याने वाचलंय. शेवटी एका आयाच्या मुलीने, आईला डबा द्यायला आली होती, आठ-नऊ वर्षांची असेल, मला विचारलं, "सिस्टर, आमच्या आईचा कप तिकडं का?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दुपारी मी सगळे कप एकत्र धुतले आणि एकाच ट्रेमध्ये पालथे घातले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी परत वेगळे केले. मी परत एकत्र केले. असं साधारण महिनाभर चाललं. भांडण नाही, बोलणं नाही, मी नुसते रोज धुवायचे. मग कधीतरी थांबलं. माझ्या ख्रिस्ती असण्याचा पुरावा मागितलास तर मी तुला तो ट्रे दाखवेन.

खंडेनवमीचं बाकीचे सांगतील. मला एवढंच वाटतं की वॉचमनच्या खोलीपाशी एकटा उभा राहू नकोस.

पहाटेचं_दूध

मी करवीर तालुक्यातला. गावच्या दूध संस्थेत सचिव हाय, बारा वर्षं झाली. गावात आमची ख्रिस्ती घरं फक्त सहा. सिस्टर मावशींनी लिहिलंय त्याच्यापुढं मी काय लिव्हणार, पण मापाचा विषय निघाला म्हणून ऱ्हावलं न्हाई.

पहाटं पाचला संकलन सुरू हुतंय. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ (फॅट आणि पाणी सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) धरून भाव ठरतोय, गायीला साडेतीन आणि साडेआठ. त्याच्या खाली-वर गेलं की भाव खाली-वर. आता सगळ्यांस्नी वाटतंय मशीन हाय म्हणजे लबाडी न्हाई. पर नमुना घेणारा हात माणसाचाच की. दूध न ढवळता वरवरचा नमुना घेतला तर फॅट जादा लागतीया, कारण साय वर येती. तळातनं घेतला तर कमी. तोच क्यान, तीच म्हस, आणि पळी कुठनं बुडवली त्याच्यावर एखाद्या म्हातारीचा दिवस ठरतोय. अर्धा पॉइंट कमी लागला म्हणून भांडायला ती कुठं जाणार? तिला वाटणार म्हशीनं कमी केलं.

मी एकच नेम केलाय. क्यान कुणाचाबी असूंदे, सरपंचाचा असूंदे न्हाई तर बांधावर भांडलेल्या भावकीचा असूंदे, आधी तळापासनं वर ढवळायचं, मोजून पाचदा, मग पळी बुडवायची. बायबलात लेवीय १९ मधी लिव्हलंय की खरा तराजू आणि खरी मापं वापरा. आणि त्याच्या फुडं परमेश्वर सांगतोय, मी तुमचा देव हाय, मी तुम्हांला मिसरातनं, म्हंजी इजिप्तच्या गुलामीतनं, बाहेर काढलं. मापाच्या जागी मिसर कशाला आणला? मी लई वर्षं इचार केला ह्याच्यावर. मला वाटतंय, ज्याला कुणीतरी गुलामीतनं सोडवलंय त्यानं दुसऱ्याला मापात दाबू नये, म्हणून. पाळकसाहेबांस्नी इचारलं, ते बी म्हणाले बरोबर हाय.

आमच्यावर पण येळ आलीया. दर कमी हुता तवा एकजण म्हणाला, सगळ्यांच्या फॅटमधनं ०.१ उडवू, कुणाला कळणार न्हाई, संस्थेचा तोटा भरून निघंल. मी म्हटलं मी सही करणार न्हाई, पायजे तर मला काढा. काढलं न्हाई. दोन महिनं माझ्याशी बोलला न्हाई. आता बोलतोय.

२०१९ च्या पुरात शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली गेला, टँकर यायचा बंद. दूध तर यायचंच, म्हशीला काय सांगणार पूर आलाय म्हणून. शाळेत पूरग्रस्त माणसं ठेवली हुती, त्यांस्नी तापवून दिलं. तवाबी मापानंच घेतलं आणि वहीत लिव्हलं कुणाचं किती, पैसं मिळतील न मिळतील. एकजण म्हणाला, फुकट द्यायचं दूध मोजतोस कशाला? ज्यानं दिलं त्याचं नाव ऱ्हावं म्हणून, असं मी म्हटलं.

खंडेनवमीचं सांगतो. आमच्यात बी मशीनची पूजा हुतीया. मी पूजेत नसतोय, ते सगळ्यांस्नी माहीत हाय. पर आदल्या दिवशी सगळी मशीनं, क्यान, वजनकाटा, मोरी, मी सगळ्यांच्या आधी येऊन धुतोय. धुण्यात काय पाप हाय? पूजा सुरू झाली की बाजूला उभा ऱ्हातो, हिकडं-तिकडं पळत न्हाई. झाली की सगळ्यांस्नी चहा मी पाजतो, तो माझा मान हाय आता. गेल्या वर्षी मला ताप हुता तर चहाला घरी बोलवायला आले.

जुने_मास्तर

वरचे अनुभव वाचून मन भरून आलं. दोन मुद्दे लिहितो, त्यातल्या एकात मी कदाचित इतरांपेक्षा कडक आहे.

प्रसादाच्या पेढ्याबद्दल. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात हे फार बारकाईने सांगितलंय. बाजारात विकायला येतं ते खुशाल खा, चौकशी करत बसू नका. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. पण कुणी मुद्दाम म्हणालं की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनोभावाचा विचार करून. मी आयुष्यभर पेढा घेतला नाही. हात जोडून "माझ्या घरी असा नेम आहे" एवढं सांगतो. चाळीस वर्षांत याचा राग कुणी धरला नाही. नकार देताना चेहरा कसा आहे यावर पुष्कळ अवलंबून असतं. माझे सख्खे मेहुणे मात्र घेतात, आणि त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा कमी आहे असं मी कधीही म्हणणार नाही. खाण्यापिण्यावरून एकमेकांना दोष लावू नका असं सांगणारा रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आम्हा दोघांसाठीच लिहिलाय असं वाटतं.

दुसरं, तू लिहिलंस की तुला फक्त मोजायला येतं आणि कृपादानाच्या उपदेशाला तू मान खाली घालतोस. बायबलातलं निर्गम ३१ काढ. देवाने आपल्या आत्म्याने भरलेला म्हणून नाव घेऊन कोण सांगितलाय? बसालेल. तो संदेष्टाही नव्हता, याजकही नव्हता. सोनं, रुपं, पितळ घडवणारा, रत्नांना पैलू पाडणारा, लाकूड कोरणारा कारागीर. आणि त्याच्या कामाची मापं अध्यायच्या अध्याय दिली आहेत, कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी) अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. वाचताना लोक ते अध्याय ओलांडून जातात. तू जाऊ नकोस, तुझ्यासारख्याने ते सावकाश वाचावेत.

आणि कंपनीत 'तुम्ही लोक' वेगळे असं जेव्हा वाटतं तेव्हा हेही लक्षात असू दे. अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वाइल्डर कोल्हापुरात आले १८५२ साली. मराठीत नवा करार त्याच्याही आधी, १८११ मध्ये छापून झाला होता. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-ओवी सोडली नाही, म्हणून आज आपल्याकडं उपासनेत पेटी-तबला वाजतो. पंडिता रमाबाईंनी तर सबंध बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं आणि अखेरच्या दिवसांपर्यंत त्याची प्रुफं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. प्रुफं तपासणं म्हणजे काय रे? एकेक अक्षर मोजून पाहायचं आणि चुकलं तर चुकलं म्हणायचं. तुझ्याच कामाची माणसं.

एक मात्र कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. ते अकरा नग आता कुठे आहेत?

शिरोली_सेकंड_शिफ्ट

मास्तर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि चार दिवस इथं काही लिहू शकलो नाही. उत्तर माहीत नव्हतं म्हणून नाही. माहीत होतं म्हणून.

सोमवारी शिफ्टच्या आधी क्वालिटी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो. घरातून निघताना आईला सांगितलं होतं, नोकरी जाऊ शकते. ती म्हणाली, "जेवून जा." रिपोर्टची कॉपी त्यांच्यापुढं ठेवली आणि सांगितलं, यातल्या अकरा नगांचे बोअर मोठे होते, मला माहीत होतं, मी ओके लिहिलं. सुपरवायझरांचं नाव घेतलं नाही. सही माझी होती. साहेब बराच वेळ कागदाकडंच बघत होते. मग भरपूर बोलले. तीन महिन्यांनी का आठवलं, कंपनीचं नाव जाईल, माझ्या प्रमोशनचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे, सगळं. मी उभा होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "रीडिंग लिहून ठेवलीयस का?" ठेवली होती, माझ्या खिशातल्या वहीत. अकराच्या अकरा. का ठेवली होती ते मलाही तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनी वही मागून घेतली, लॉट नंबर काढला आणि गिऱ्हाईक कंपनीला मेल टाकला. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. चालवून घेतील, परत पाठवतील की आणखी काही, सांगता येत नाही. सुपरवायझर माझ्याशी बोलत नाहीत. दूधवाल्या दादांचे दोन महिने आठवून गप्प बसतोय.

सिस्टर मावशी, गेज पुसायचं सुरू केलंय. म्हणजे आधीही पुसायचो, पण सदऱ्याच्या बाहीला. आता स्वच्छ फडकं घेतो, आधी 'गो' टोक, मग 'नो गो', मग बोअर गेज मास्टर रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कड्यावर, लावून शून्य बघतो. तेवढ्यात प्रभूची प्रार्थना एकदा पुरी होते. तुम्ही म्हणालात तसं अजून ते घड्याळच आहे, खोटं कशाला बोलू. पण काल 'आमची रोजची भाकर'ला आलो तेव्हा अचानक मनात आलं, हा नग ज्या गाडीत बसेल ती कुणीतरी चालवणार, मागं पोरं बसलेली असणार. तिथं थांबलो. पुढचं म्हणायचं राहिलं.

आमच्या लाइनवर एक हेल्पर आहे, बिहारकडचा, नवीन. त्यानं काल विचारलं, गेजवर काय मंत्र म्हणतोस. मी सांगितलं, प्रार्थना आहे, ज्याला हा नग लागणार त्याच्यासाठी. तो म्हणाला, मग मोठ्यानं म्हण की. मला जमलं नाही. पण त्याला ओळी सांगितल्या, मोडक्या हिंदीत.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी सातला जाणार आहे, मशीन धुवायला. दादा, चहाचं कॅन्टीनवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय, चाळीस कप. सगळे एकसारखे आण म्हटलंय.

आज सेकंड शिफ्ट आहे. साडेतीनला गेटवर असेन. मेलचं उत्तर आलं की इथंच लिहितो.